सुकाणूवालीचे नाणे

मी एक जुने काशाचे नाणे आहे. रोमच्या टाकसाळीत घणाच्या एका घावासरशी माझा जन्म झाला. पुढे सम्राटाचा चेहरा, भोवती गोल अक्षरे : 'सम्राट, देशाचा पिता'. मागे हातात सुकाणू धरलेली फोर्तुना, आमची नशिबाची देवी. खरे सांगू मित्रांनो, मी फार मिरवायचे. तेही सम्राटाच्या जिवावर!

रोमजवळच्या ओस्तिया बंदरातल्या साबिदियाने मला भोक पाडून आपल्या तान्ह्या पोराच्या, नुमेरियसच्या गळ्यात बांधले. दात येताना तो मलाच चघळायचा. त्या लाळेचे सुख मला कुठल्याच गल्ल्यात मिळाले नाही.

पुढे सम्राट मारला गेला. त्याचे नाव जिथे असेल तिथून खोडा, असा हुकूम सुटला. साबिदियाने छिन्नीने माझी अक्षरे खरवडून काढली. मी पार ओशाळून गेले. पण तिने मला फेकले नाही.

नुमेरियस मोठा झाला आणि धान्य आणायला इजिप्तला निघाला. पहिलीच सफर. आमच्याकडे डोलकाठी उभारण्याआधी तिच्या खाचेत नाणे ठेवतात, म्हणजे जहाज सुखरूप परतते. साबिदियाने मला पुढे केले, तसा जहाज बांधणारा होस्तियस खेकसला,

"अगं, हे बदनाम तोंड ठेवू? पोराला बुडवतेस का?"

"राजा गेला खड्ड्यात! उलटं कर. ही सुकाणूवाली बघ, ही कधी गादीवरून उतरली का?"

"एखादं नवं चकचकीत दे की!"

"नव्याला माझं पोर काय ठाऊक? यानं त्याचे दात येताना पाहिलेत."

होस्तियस हसला. देवी वर करून त्याने मला खाचेत बसवले आणि माझ्यावर ती अजस्र काठी उभी राहिली. माझा जीव कोंडला. पण वादळात मी तिला सोडले नाही.

दर हंगामात जहाज परतायचे. साबिदिया आधी पोराला कुरवाळायची, मग डोलकाठीला.

जहाज मोडीत निघाले, तेव्हा नुमेरियसने मला शोधून काढले. थोड्याच दिवसांत साबिदिया गेली. मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या परलोकीच्या नावाड्याचे भाडे म्हणून आमच्याकडे मृताच्या तोंडात नाणे ठेवतात. लोकांनी नवे आणले. नुमेरियसने मलाच ठेवले.

"मला दरवेळी परत आणलंस, आता आईला नीट पोचव," तो म्हणाला.

नावाड्याने मला नेलेच नाही. खोडलेले नाणे त्यालाही नको असेल! बरेच झाले, मी तिच्याजवळ राहिले. मित्रांनो, उद्या कुणाच्या कुदळीला लागले, तर मला घासून चमकवू नका. त्या ओरखड्यांत तिचा हात आहे. आणि जमलेच तर वर पुन्हा माती ओढा. तिला पोचवायचे काम अजून माझ्याकडे आहे.