बिनगव्हाचा पाव

पावावर उमटवायच्या लाकडी शिक्क्याच्या खाचेत काहीतरी करडं अडकलेलं होतं. वितोमिरनं सुईचं टोक आत घालून हलकेच फिरवलं, तशी तीळभर कपची सुटून वर्तमानपत्रावर पडली — दगडासारखी कडक, कडेला किंचित पिवळसर — आणि ती त्यानं चष्मा कपाळावर सरकवून इतक्या जवळून पाहिली की जरा जोरात श्वास सोडला असता तर उडालीच असती. पीठ. गव्हाचं. नाशपातीच्या लाकडात त्याच्या आजोबांनी कोरलेली ती ख्रिस्ताच्या विजयाची आठ अक्षरं, चार कोपऱ्यांत दोन-दोन, आणि त्यांच्या तळाशी दर नोव्हेंबरात थोडं थोडं साचत गेलेलं हे पीठ. सगळ्यात वरचा थर तीन वर्षांपूर्वीचा असणार, कोसाराच्या, त्याच्या बायकोच्या, हातचा, कारण ती गेल्यावर दोन वर्षं घरच्या संताच्या सणाचा पाव बेकरीतून आला होता आणि शिक्का खणातच राहिला होता. त्यानं दुसरी खाच उचकटली. मग थांबला. आपण नक्की काय साफ करतो आहोत, असं त्याच्या मनात आलं. आणि हे मनात यायची काही गरज नव्हती, असंही लगेच आलं.

लाकूड साफ होत नाही. हे तियानानं, त्याच्या सुनेनं, मार्चमध्येच लिहून दिलं होतं. नातीचे, विश्न्याचे, रिपोर्ट आले त्या आठवड्यात. आठ वर्षांच्या त्या पोरीच्या आतड्याला गहू सोसत नाही, गव्हाचा कणसुद्धा नाही, आणि हे सर्दीसारखं बरं होणारं नाही, जन्माचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तियानानं वहीचं पान फाडून त्यावर एकाखाली एक लिहिलं : लाकडी चमचे, लाटणं, पीठ मळायची फळी, चाळणी, पाव भाजायची चकती. हे सगळं घरातून बाहेर. ते पान अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. त्याच्यावर शिक्का नाही. तिला सुचलंच नसणार — वर्षातून एकदा निघणारी वस्तू, ती काय यादीत येते? म्हणजे आज तो वापरला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. कुणाला कळलंही नसतं. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाला, जे कुणाला कळणार नाही तेच आधी दिसतं. हा काही गुण नव्हे. कोसारा म्हणायची, तुझ्याकडून साधं ‘हो’ काढायचं म्हणजे दुसरं प्रूफ यायची वाट बघायची.

त्यानं शिक्का वर्तमानपत्रात गुंडाळला, बाहेरच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला, परत आला, हात धुतले, नखं घासली, आणि मग कपाटाच्या मुठीला आपण कोणता हात लावला होता ते आठवेना म्हणून पुन्हा धुतले.

जुलैचं काय झालं ते त्याला मुद्दाम आठवावं लागत नाही. विश्न्या पंधरा दिवस त्याच्याकडे राहायला आली होती. तो तिला मक्याच्या पिठाची प्रोया, म्हणजे जाड भाकरीसारखा पाव, करून घालायचा. मका म्हणजे मका, त्यात गहू कुठला? आणि दुकानातल्या पुड्यातलं कसलं तरी पिवळं चूर्ण नातीला कशाला घालायचं म्हणून तो बसनं गावाकडच्या पाणचक्कीवर जाऊन ताजं, हाताला ऊन लागणारं पीठ दळून घेऊन आला होता, कोसारा आणायची तसंच. चक्कीवाल्यानं आधी कुणाचा तरी गहू दळला होता. त्याच जात्यावर. सगळेच तसं दळतात, दगड काही कुणी मधे धूत नाही. चार दिवस ती पोर न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून होती, आणि तो दाराबाहेर उभा राहून विचारत होता, “पाणी देऊ का?” तियाना रात्रीची बस पकडून आली. ओरडली नाही. पिठाची पिशवी तिनं उचलली, वास घेतला, म्हणाली, “बाबा, हे कुठलं?” त्यानं अभिमानानं सांगितलं होतं — हो, अभिमानानंच, अजून त्याला कळलेलं नव्हतं. त्यानंतर विश्न्या इथे आली ती दोनदाच, दुपारपुरती, स्वतःचा डबा घेऊन.

आणि मागल्या रविवारी फोनवर तियाना म्हणाली होती, “संताचा पाव तुम्हीच करा, बाबा. पीठ मी पाठवते. ती सारखी विचारतेय, की या वर्षी पाव फिरवताना मला धरायला मिळणार का.” मग : “धरायला आणि खायला.”

पीठ पोस्टानं आलं. एकच पुडा : तांदूळ, कुट्टू, बटाट्याचं सत्त्व, आणि वेगळ्या पिशवीत इसबगोल. पोट साफ व्हायला घेतात तीच साल पावाला धरून ठेवते, हे वाचून त्याला हसू आलं होतं, पण सांगायला घरात कोणी नव्हतं. हे पीठ मळता येत नाही. कोसारा मळायची तेव्हा टेबलाचे पाय वाजायचे, ती पिठाशी बोलायची, त्याला थापटायची. हे मात्र नव्या स्टीलच्या भांड्यात नव्या चमच्यानं फिरवायचं, आणि ते ओल्या मातीसारखं चमच्याला धरून राहतं, त्याच्यात रुसवाही नाही आणि लाडही नाहीत. त्यानं ते भाजायच्या डब्यात ओतलं. ओला हात वरून फिरवला. शिक्क्याऐवजी सुरीच्या टोकानं आठ अक्षरं काढली. तिसऱ्या कोपऱ्यातलं दुसरं अक्षर कललं, जणू कुणी त्याला खांद्यानं ढकललंय. छापखान्यात असतो तर समासात खूण केली असती… इथे समास नव्हता. अक्षर कललेलंच राहू दिलं आणि डबा कपड्याखाली, फुगायला ठेवला.

रादोय्का आली तेव्हा दहा वाजले होते. समोरच्या घरात राहते, सत्तरीची, दार वाजवायची सवय नाही. मोठा ट्रे परत द्यायला आली होती.

“काय शेजारीबुवा, बाईमाणसाशिवाय सण करताय म्हणे?” ती थेट स्वयंपाकघरात शिरली. “मी मुळीच थांबणार नाही, माझं पीठ लाटायचं अर्धं राहिलंय. दुपारी पाहुण्यांना चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी घेऊन येते. तुमच्या सूनबाईंना सांगा, उंबऱ्याबाहेरच ठेवीन, घाबरू नका म्हणावं गव्हाला.”

“त्यांना घाबरायची… तसं नाही, रादोय्का.”

“कसं का असेना. अगबाई, हे काय? सिमेंट कालवलंय की काय?” तिनं कपडा उचलला होता. “फुगलंय तरी का?”

आणि तिनं बोट दाबलं. पन्नास वर्षं ज्या बाईनं पाव केलेत ती उघडं पीठ दिसलं की बोट दाबतेच, ते काही ती ठरवून करत नाही. खळगा भरून येतो का ते बघायचं असतं. खळगा भरला नाही. “मेलंय हे,” ती म्हणाली, बोट एप्रनला पुसलं, आणि निघूनही गेली.

एप्रन पांढऱ्या ठिपक्यांचा होता. त्यामुळे त्याच्यावर पीठ होतं की नव्हतं, हे सांगता येत नव्हतं. बोट? बोटाच्या नखाच्या मुळाशी त्याला काहीतरी पांढरं दिसलं होतं. की आता, विचार करताना, दिसतंय? माणूस आपला हात धुऊनच शेजाऱ्याकडे जातो. पण ‘लाटायचं अर्धं राहिलंय’ असं म्हणणारी बाई परत जाऊन लाटायचंच आहे म्हटल्यावर हात कशाला धुईल? आपण तिला “थांबा” म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. पण ती कोसाराची मैत्रीण, शेवटच्या महिन्यात रोज सूप घेऊन येणारी, तिला तिच्या बोटाबद्दल काय आणि कसं म्हणणार…

त्यानं चमचा घेऊन तेवढी जागा अक्रोडाएवढी खणून काढली आणि फेकून दिली. मग वाटलं, चमचा आधी खळग्याच्या कडेला लागला आणि मग आत गेला, म्हणजे कडेला काही असेल तर तेही आत गेलं. पुडा रिकामा होता. अकरा वाजत होते. पाव ओव्हनमध्ये गेला.

ते तिघं साडेबाराला आले. ओग्न्येननं, मुलानं, दारातच मिठी मारली आणि विचारलं, “वाइन आणलीत ना, की तीपण बिनद्राक्षाची?” तियानानं कोट काढायच्या आधी स्वयंपाकघरावर नजर फिरवली. ती हे लपवत नाही, आणि त्याला ते हल्ली बरंच वाटतं. विश्न्या पावापाशी गेली, हात मागे बांधून.

“आजोबा, हे अक्षर पडलंय.”

“कललंय. पडलेलं नाही.”

“आम्ही असं काढलं की बाई मार्क कापतात.”

मेणबत्ती लागली. चौघांनी पावाला हात लावला. विश्न्याचे हात मधे, त्याच्या दोन्ही हातांच्या आत, थंड, कारण येताना हातमोजे विसरले होते. पाव फिरला, एकदा, दोनदा, तीनदा. ओग्न्येन बाबांच्या चालीवर, म्हणजे वितोमिरच्याच चालीवर, प्रार्थना पुटपुटला. पाव उलटा केला, खाली काप दिला, तियानानं त्यावर आडवी-उभी वाइन ओतली, पुन्हा सुलटा केला. मग बाप-लेकानं तो दोन्हीकडून धरून मोडला. मोडला तो मऊ, जवळजवळ आवाज न करता. वास चांगला होता, हे त्याला नोंदवावं लागलं. विश्न्यानं हात पुढे केला.

बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. नाही बोलायचं असंही नाही. सबंध सकाळभर त्यानं दोन्ही बाजूंनी इतके मुद्दे काढले होते की शेवटी कुठलाच उरला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत त्याचा आवाज आला, अगदी साधा : “त्यात रादोय्कानं बोट घातलं होतं.”

“काय?” ओग्न्येन म्हणाला.

“कच्चा असताना. ती पीठ लाटत होती घरी. हात धुतले होते की नाही, मला माहीत नाही. तेवढी जागा मी काढली.”

“काढली ना? मग झालं तर. एका बोटानं काय होतंय, बाबा. आज सण आहे.”

तियानानं लेकीच्या हाताच्या आधी आपला हात पुढे नेला, तुकडा घेतला आणि ताटलीत ठेवला. “कुठे होतं बोट?”

त्यानं पावाकडे पाहिलं. कललेलं अक्षर आता अर्ध्या तुकड्यात होतं. पाव तीनदा फिरला होता, उलटला होता, सुलटा झाला होता, मोडला होता, आणि खणलेली जागा भाजताना भरून आली होती — म्हणजे मेलेलं नव्हतं ते पीठ. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

“आज सकाळी तुम्हाला शंका होती.”

“हो.”

“आणि जुलैत?” तिनं हे टोचून विचारलं नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

“जुलैत नव्हती. जुलैत मला खात्री होती.”

ओग्न्येननं ग्लास भरला. विश्न्या ताटलीवर वाकून म्हणाली, “मग मी नुसता वास घेऊ?” आणि आईनं मान डोलावल्यावर तिनं डोळे मिटून तो घेतला, बराच वेळ, मग पिशवीतून आपला डबा काढला. रडली नाही. ते पाहायला त्याला कठीण गेलं. रडली असती तर सोपं गेलं असतं का, याचा त्यानं थोडा विचार केला.

सूप त्यानंच वाढलं, विश्न्यालाही. तियानाचा चमचा अजून रुमालावर होता.

“यात काय काय आहे, बाबा?”

हा प्रश्न ती हॉटेलात, शाळेत, स्वतःच्या आईच्या घरीसुद्धा विचारते, आणि लोक ‘काही नाही, साधं सूप’ असं उत्तर देतात. जुलैच्या आधी तोही तसंच म्हणाला असता. “कोंबडी,” तो म्हणाला. “गाजर, सेलरीचं मूळ, दोनदा धुतलेलं. शेवया नाहीत. तांदूळ आहेत, नवा पुडा. पुडा कापायची कात्री जुनी, पण गरम पाण्यानं धुतली, साबणानं. मला वाटतं दोनदा. एकदा नक्की. पातेलं स्टीलचं. झाकण जुनं आहे, त्याची लाकडी मूठ मी काढून टाकली, म्हणून ते फडक्यानं धरावं लागतं, आणि फडकं… फडकं कालचं धुतलेलं…” ती मधेच तोडेल म्हणून तो वाट बघत होता. कोसारानं ‘कात्री’पाशीच तोडलं असतं, मुद्रणालयातल्या माणसांनी तर त्याच्याही आधी. ओग्न्येननं उसासा टाकला. तियाना मात्र कोपर टेबलावर टेकून ऐकत होती, एखादी बाई डॉक्टरांचं ऐकते तशी, एकेक शब्द वेगळा ठेवत.

“आणि मीठ?”

मीठ. पुडा नवा आणला होता, तो फोडला होता का? की सवयीनं हात शेगडीशेजारच्या बरणीत गेला होता, त्या रुंद तोंडाच्या बरणीत, जिच्यात पिठाळलेली बोटं वर्षानुवर्षं बुडत आली होती? त्यानं डोळ्यांपुढे सकाळ आणली. वाफ होती. आपला हात दिसत होता, चिमूट दिसत होती. चिमूट कुठून आली ते दिसत नव्हतं.

विश्न्यानं चमचा भरून तोंडापाशी आणला होता आणि तिथेच धरला होता. ती बघत होती — आईकडे नाही, त्याच्याकडे. त्याला लाज वाटायची वेळ झाली होती, ती नेहमी याच वेळी यायची, कानाच्या पाळ्यांपासून, आणि तो तिची वाट बघत राहिला; ती आली नाही.

“जरा धीर धर,” तो म्हणाला. “आठवून सांगतो.”

पोरीनं मान डोलावली. चमचा तिनं खाली ठेवला नाही, वरही नेला नाही, आणि टेबलाभोवतीचे तिघंही त्याला आठवेपर्यंत गप्प बसायला तयार होते.