पाच मंगळवार, अठ्ठावन्न किलो

‘रुग्णाचा आहार समाधानकारक, वजन स्थिर.’ जळगावच्या एका रुग्णालयातील हे वाक्य धरणगावचे किराणा व्यापारी अभयकुमार यांच्या कागदावर सलग चार मंगळवारी, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच आत्मविश्वासाने उमटलेले आहे. त्यात विधाने दोन आहेत. दोन्ही असत्य आहेत.

आहाराचे आधी पाहू. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन रेडिएशन सुरू असलेल्या या गृहस्थांच्या तोंडात फोड होते, लाळ आटली होती, जबडा जेमतेम दोन बोटे उघडत होता. वाटीभर मुगाचे पातळ वरण संपवायला दीड तास लागे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. म्हणून संध्याकाळची वाटी रोज अर्धीच राही. त्याच कागदावर छापील सूचना होती: ‘मऊ, पौष्टिक व आवडीचा आहार भरपूर घ्यावा.’ शेव आणि साखर ज्याला सारखीच बेचव लागते, त्याच्यासाठी ‘आवडीचा’ हा शब्द योजणाऱ्याची प्रतिभा वंदनीय आहे.

आणि वजन? चारही वेळा अठ्ठावन्न किलो, शून्य ग्रॅम. निरोगी माणसाचे वजनही इतक्या शिस्तीने वागत नाही. नोंद करणाऱ्यांनी काटा वाचला. काट्यावर कोण उभे आहे, हे पाहण्याचा रकाना कागदावर नव्हता.

पाचव्या मंगळवारी कामिनी ही नवी आहारतज्ज्ञ आली. काटा पुन्हा अठ्ठावन्नवर थांबला.

“काका, घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय आणि वजन जागचं हलत नाही. जमवलं कसं?”

अभयकुमार पंख्याकडे पाहू लागले.

“मलाही एक विचारायचंय, ताई,” त्यांच्या पत्नी प्रेमकुंवर म्हणाल्या. “दुकानातली लोखंडी वजनं दर मंगळवारी सकाळी जातात आणि संध्याकाळी परत येतात. त्यांनाही दवाखाना लागलाय का?”

“काका, बंडीचे खिसे रिकामे करा.”

टेबलावर दोन किलोची दोन वजने आली. मग अर्धा किलो, दोनशे ग्रॅम, शंभर ग्रॅम. काटा त्रेपन्न किलो दोनशेवर उतरला. कामिनीचे हसू तिथेच थांबले.

“अजून दोन आठवडे रेडिएशन आहे. असेच उतरत गेलात तर ते मध्येच थांबवावं लागेल. नाकातून नळी आजच घालायची.”

अभयकुमारांनी जोरात नकारार्थी मान हलवली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले: नळीतून आहार, रात्री नऊ.

“पहिल्याच दिवशी इथल्या कुणीतरी सांगितलं होतं, वजन उतरलं की नळी,” प्रेमकुंवर म्हणाल्या. “नेम मोडायचा नाही, म्हणून हा उद्योग. मला सांगितलं असतं तर निदान वजनं घासून दिली असती.”

कामिनीने वेळापत्रक भिंतीवरून काढले आणि नऊ खोडले. “सकाळी साडेसहाला सुरू, साडेपाचला शेवटचं. सगळं उजेडात. मग तर चालेल ना?”

अभयकुमारांनी मान डोलावली. पाच आठवडे कुणी न विचारलेला प्रश्न एका मिनिटात सुटला.

“आता आधीची वजनं खोटी का, ते तुम्हीच लिहून द्या,” ती म्हणाली.

बोलवत नव्हते, म्हणून त्यांनी पेन घेतले. कागदाच्या तळाशी, समाधानकारक आहाराच्या बरोबर खाली, त्यांचा जबाब आहे तो असा:

“पहिल्या मंगळवारचे वजन माझे. नंतरच्या चार मंगळवारी त्यात दुकानाचे मिळवले, हे कबूल. पण खोटे म्हणू नये. सर्व वजने सरकारी शिक्क्याची आहेत, एकही ग्रॅम कमी भरणार नाही.”