पांढरुकाचं गाऱ्हाणं

आमच्या घरातल्या गौरवीचं लग्न एकदा मोडून पुन्हा जमलं, त्या साली दत्ताराम घाडी आणि त्याचा चुलतभाऊ रामचंद्र यांचं भांडण पांढरुकाच्या झाडापर्यंत येऊन पोचलं.

पेडण्याकडचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळरान, तांबडा. आमच्या वाड्यामागची, म्हणजे वस्तीमागची, डोंगराची धार तेवढी चुनखडीची, पांढरी. तिथं माती म्हटली तर मूठभर. त्या मुठीत करवंदी, शेर, गुळवेल, कपारीतलं तेरं एकमेकांना धरून उभी, आणि त्या सगळ्यांना धरून पांढरूक. चैत्रात अंगावर पान नाही, साल कागदासारखी सोललेली, आणि तांबड्या फळांवर अशी कुसं की हाताला लागली तर दिवसभर आग. त्याची मुळं दगडांना कवटाळून खाली उतरलेली, थेट दत्तारामच्या घराच्या डोक्यावर.

धार रामचंद्राच्या वाटणीची. ती त्यानं बंगले बांधणाऱ्याला द्यायची ठरवली आणि रस्त्यासाठी आधी करवंदी नि शेर साफ केले. त्याच पावसात एक धोंडा सुटला, तो दत्तारामच्या गोठ्यात घुसला. वासराचा पाय मोडला. दत्तारामची बायको तारा अंगणातून ओरडली, "भावोजीनू, उद्या पांढरूक काढशात तर धोंडो माज्या चुलीर येतलो!"

कुंपणापलीकडून रामचंद्र म्हणाला, "मगे चूल हालय."

"आणि घर?"

"घर पण हालय. थंय बांधूक कोणी सांगलेलां?"

"तुमच्याच बापाशीन जागा दाखयलेली ती!"

शिगमा सरला आणि रामचंद्रानं कुडाळकडची माणसं आणली, यंत्राची करवत घेऊन. त्यांचा मुकादम सिद्धेश झाडाखाली गेला, वर पाहिलं आणि करवत खाली ठेवली.

"राखणदाराक सांगलात?"

"कसलो राखणदार? कामाक लाग."

"गाऱ्हाणा घातल्याशिवाय मी हात लावचंय नाय. माज्या घरात पोरांबाळां आसत. तुमचो घाडी खंय?"

रामचंद्राचं तोंड उतरलं. गाऱ्हाणं म्हणजे राखणदारापुढं, जागा राखणाऱ्या देवापुढं, उभं राहून मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. पण ते घालणारा तो घाडी, आणि तो मान थोरल्या पातीचा, म्हणजे दत्तारामच्या घराचा. दुसऱ्यानं घातलेलं देवाला पोचत नाही, असं आमच्याकडं मानतात. रामचंद्र दारात गेला नाही. बांधावरूनच, कुणाकडं न बघता ओरडला, "घाड्याक सांगा, काम आसा."

दत्ताराम बाहेर आला. "काम कोणाचा?"

"देवाचा."

"मगे येतंय. तुजा आसता तर इलोच नसतंय. नारळ तुजो, रोट तुजो, सोऱ्याची बाटली पण तुजी. राखणदार फुकट आयकणा नाय."

तारा कपाळाला हात लावून बसली. "आपल्याच डोक्यार धोंडो घालूक चललो ह्यो माणूस!"

वाडा जमला. मीही होते. दत्तारामनं झाडाच्या मुळाशी नारळ ठेवला, टोपी सारखी केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज तुज्या पायाकडे ह्यां लेकरू नारळ घेवन उबां आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या घरादाराक, गुराढोराक बरां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज रामचंद्राचा. आपल्या घरादारासाठी मागणं आलं म्हणून छाती पुढं.

दत्तारामनं चाल वाढवली. "वाकडां-नाकडां आसात तां दूर कर! पिडा आसात ती धारेपलीकडे घाल! ह्यो पांढरूक तुजो, ह्येची मुळां तुजी, जो कोण ह्येका करवत लावीत तेचो हात थंयच धर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

जिभेला जन्मापासून लागलेलं वळण ते. रामचंद्रही म्हणाला, आणि जोरात म्हणाला. मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पाठीमागं कुणीतरी फिसकन हसलं. सिद्धेश करवत पोत्यात घालायला लागला.

"अरे, खंय चललंस?"

"घराक. तुमीच होय म्हटल्यात."

"तां आपसूक तोंडातसून गेला!"

"देवान थंयसूनच आयकल्यान."

रामचंद्र दत्तारामच्या अंगावर धावला. "घाडी न्हय तू, चोर! देवाच्या तोंडान माजी मान कापलंस!"

"मान न्हय, हात म्हणलंय. आणि तो अजून शाबूत आसा. तूच लाव करवत. आमी कोण अडवणव नाय."

रामचंद्रानं पोत्यातली करवत खेचून काढली. झाडापाशी गेला. सालीवर पातं टेकवलं. तारानं डोळे मिटले. कुणी पुढं झालं नाही, कुणी हसलंही नाही. करवत चालू करायची दोरी त्याच्या बोटांत होती, ती त्यानं ओढली नाही. करवत खाली टाकली, दत्तारामच्या पायाशी थुंकला आणि निघून गेला.

रस्ता शेवटी त्याच्या स्वतःच्या काजूंतून गेला. दोन्ही घरांचा चवथीचा गणपती एक होता, तो त्या साली वेगळा झाला. कपारीत करवंदी पुन्हा फुटल्या. पुढं पाऊस आला तसा गेला, ताराच्या चुलीवर धोंडा आला नाही.

दत्ताराम घाडी २०२४ च्या वैशाखात वारला. रामचंद्र खांद्याला आला नाही, त्यानं सुतक पाळलं नाही. तिसऱ्याच दिवशी पेडण्याच्या बाजारात तो मासळी घेताना दिसला. तो त्याच साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारला.