एकोणीस हजार किलोमीटरचं तेल

मी सुरभीची लाल गाडी बोलतेय. दारव्ह्यात बाबूसिंगच्या गॅरेजमागे, पत्र्याच्या कुंपणाला लागून उभी आहे. माझी डावी बाजू चेपलीय, इंजिन बाहेर काढून फळीवर ठेवलंय. लोक मला बघायला येतात आणि म्हणतात, "हेच ते. पोरगी लई जोरात चालवे." ते अर्धंच खरं आहे. उरलेलं मी सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधीच होते. नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला चार वर्षं वापरली आणि विकली. सुरभीनं मला स्वतःच्या पगारातून घेतलं. यवतमाळच्या एका कंपनीत ती इंजिनियर होती. मैदानावर शंकू मांडून त्यांच्यामधून घड्याळ लावून गाड्या पळवायच्या स्पर्धा होतात, त्यांचं तिला भारी वेड. तिनं माझ्यात इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून घेतली. माझी ताकद जवळजवळ दीडपट झाली. मला तेव्हा फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू!

पण ताकद वाढली तशी आतली आगही वाढली. तिला झेलायला माझ्याकडे होतं ते फक्त चार लिटर तेल.

बाबूसिंग खरं तर ट्रॅक्टर आणि जीपांचा मिस्त्री. सुरभीनं त्याला कंपनीचं पुस्तक दाखवलं. "बाबूसिंगभाऊ, यात तर पंधरा हजार किलोमीटरवर तेल बदला म्हणते."

त्यानं तेलाची पट्टी उपसली, नाकाशी नेली. "तेलाले पेट्रोलचा वास येऊन राह्यला, पाह्य. पातळ होऊन राह्यलं. पुस्तक कंपनीच्या गाडीसाठी हाय. तुही गाडी आता कंपनीची राह्यली कुठं? पाच हजारावर बदलायचं. शर्यत खेळली त त्याच्याही आधी. अन् नुसती उभी असली तरी सहा महिन्यानं."

सुरभीनं ते तंतोतंत पाळलं. दोन वर्षं माझ्या पोटात तेल कधी काळंकुट्ट झालं नाही.

मग तिला चाकणला नोकरी लागली. तिथं गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी धाकट्या भावाकडे, आयुषकडे राहिले. आयुष बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. तो वाईट नव्हता. मला पुसायचा, आई विमलताईंना बाजाराला न्यायचा, बाभुळगावपासून ढाणकीपर्यंत दुकानाच्या कामाला माझ्यातूनच जायचा. पळवायचाही जोरात. जाताना सुरभीनं त्याला बजावलं होतं, "पाच हजार. विसरू नको." त्यानं मान हलवली होती.

पाच हजार झाले तेव्हा तिचा फोन आला. आयुष माझ्यातच बसला होता.

"तेल बदललं का?"

"हो ना ताई. कायले टेन्शन घेतं?"

उद्या जाऊ, असं त्याच्या मनात होतं. उद्या दुकानात माल आला. परवा लग्न निघालं. एकदा त्यानं ते पुस्तक उघडून पाहिलं, पंधरा हजार वाचलं आणि निश्चिंत झाला. पुढच्या वेळी सुरभीनं विचारलं तेव्हाही तो हो म्हणाला. पहिलं हो आळसाचं होतं, दुसरं लाजेचं.

माझ्या आत तेल आधी पातळ झालं, मग त्याचा गाळ झाला. ज्या जाळीतून तेल वर इंजिनात ओढलं जातं, त्या तळाच्या जाळीवर तो गाळ बसू लागला. सकाळी सुरू होताना मी टकटक आवाज करू लागले. एकदा चौकात उभी असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकला. आयुष घाबरला. त्यानं मला गॅरेजकडे वळवलंसुद्धा. पण बाबूसिंग दारातच उभा होता. आता हा सगळं विचारणार, ताईला फोन करणार, असं त्याला वाटलं असावं. तो थांबला नाही. पेट्रोल पंपावर एक लिटर तेल वरून ओतलं. दिवा लागेनासा झाला.

दिवाळीला सुरभी आली. पंधरा दिवसांनी स्पर्धा होती. तिनं माझं बॉनेट उघडून पट्टी पाहिली. तेल भरपूर होतं.

"काळं दिसून राह्यलं रे."

"बदलून दोन-तीन हजार झाले ना."

तिनं भावावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मला पळवून बघायला दोघं यवतमाळच्या रस्त्याला लागले. मोकळा रस्ता दिसताच तिनं मला भरधाव सोडलं. माझ्या आत ठोका सुरू झाला. वाऱ्याच्या आवाजात तो तिला ऐकू आला नाही. आयुषला आला. रोज सकाळच्या टकटकीमुळे तो त्याच्या ओळखीचा होता.

"ताई, थांबव गाडी."

"काहून रे?"

खरं सांगितलं असतं तर तिनं त्याच क्षणी इंजिन बंद केलं असतं. तो म्हणाला, "मळमळून राह्यलं."

"वळण होऊ दे, सावलीत थांबवते."

तिनं वेग कमी केला, पण वळणाआधीच माझ्या आतला पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. उकळतं तेल माझ्याच पुढच्या चाकांखाली सांडलं. सुरभीनं स्टिअरिंग गच्च धरलं होतं, पण चाकांना रस्ता सापडेना. डावी बाजू कडुलिंबाला धडकली. डावीकडे आयुष होता.

सुरभीचा हात मोडला. आयुष दवाखान्यात पोचला नाही.

तेराव्याला विमलताई सगळ्यांसमोर लेकीला म्हणाल्या, "तुह्या जोरानं माह्या पोराले खाल्लं." दुसऱ्या दिवशी सुरभी हात गळ्यात अडकवून बाबूसिंगकडे आली. त्यानं इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर खोलला होता. त्यानं जाळी तिच्यापुढे धरली. डांबर भरावं तशी ती भरली होती.

"हे तेल म्याच टाकलतं, तू चाकणले गेली तवा," तो म्हणाला. "एकोणीस हजार झाले. मंग कोणीच बदललं नाई."

सुरभी खाली बसली. बराच वेळ रडली. मग उठली, पेट्रोलच्या डब्यात जाळी बुडवली आणि एका हातानं घासू लागली. सगळा गाळ निघेपर्यंत घासत राहिली.

"मायले सांगू नका, भाऊ."

"अन् लोक तुले बोलतात ते?"

"बोलू द्या. तिच्यापाशी त्याची आठवणच राह्यली. ते तरी खराब नको व्हायले."

ती चाकणला परत गेली. काल विमलताई इथं आल्या. माझ्या डाव्या सीटवरच्या काचा त्यांनी एक एक करून वेचल्या, पदरात घेतल्या. "लई जोरात होती का रे गाडी?" त्यांनी विचारलं. बाबूसिंग जमिनीकडे पाहत पाना पुसत राहिला. त्याचा अर्थ त्यांनी 'हो' असाच घेतला आणि त्या निघून गेल्या.

सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. त्याआधी तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. गाडीची ताकद वाढवली असेल तर पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. तेल लवकर बदला. आणि बदललं नसेल, कुणी आपल्या माणसानं विचारलं, तर नाही म्हणा. रागावेल, ओरडेल. पण रागवायला समोर तुम्ही असाल.