तानाबाईचं बोट आणि माझी काच

मित्रांनो, मी एक म्हातारा मोबाईल आहे. वय विचाराल तर अजून दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत. हसू नका. स्वस्तातल्या टचस्क्रीन फोनांना म्हातारपण फार लवकर येतं. माझी बॅटरी फुगली आहे, कंपनीने माझी चौकशी करणं कधीच सोडलं आहे, आणि मी डोणगावच्या जानराव आणि तानाबाई यांच्या घरात कपाटावर पडून आहे. पडून पडून राग शांत होतो म्हणतात. माझा काही झालेला नाही. तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कारखाना कुठे होता ते मला ठाऊक नाही, कारण तिथे खिडक्याच नव्हत्या. एका टेबलावर मला काच बसली, दुसऱ्या टेबलावर बॅटरी. मग माझ्या पाठीवर चार गोल डोळे बसवले. त्यातले दोनच खरे कॅमेरे आहेत. उरलेले दोन नुसत्या काळ्या टिकल्या, आत काहीच नाही. लोकांना चार कॅमेऱ्यांचा फोन वाटावा म्हणून हे सोंग! सोंगासाठी पैसा होता, पण जिथे माणसाचं बोट लागणार ती पुढची काच मात्र मिळेल ती हलकी घेतली. वर डब्यावर माझ्या नावापुढे ‘सुपर’ आणि ‘प्रो’ असे दोन शब्द छापले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय?

शेवटी माझी परीक्षा झाली. एका यंत्राला रबराचं मऊ बोट होतं. ते माझ्यावर टकटक टेकलं, मी दर वेळी ओ दिली, आणि मला पास करून डब्यात घातलं. डब्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. तिची बोटं पाहून वाटत होतं की तिने आयुष्यात कधी भांडीसुद्धा घासली नसावीत.

तिथून मी मेहकरला आलो, दीपकभाऊंच्या मोबाईलच्या दुकानात. पोळ्याच्या आधी तानाबाई आणि तिची मुलगी धम्मशीला दुकानात आल्या. धम्मशीला बारावीत शिकत होती. तानाबाई डोणगावच्या मजूर बायांच्या एका टोळीची मुकादम. निंदण असो की सोंगणी, म्हणजे पिकाची कापणी, शेतकरी तिला फोन करून सांगत, ‘उद्या इतक्या बाया पाहिजेत,’ आणि ती टोळी घेऊन वेळेवर वावरात हजर होई. तिच्या शब्दावर शेतकरी निर्धास्त असत आणि टोळीतल्या बायांची चूल तिच्या फोनवर चाले. तिच्याजवळ बटणांचा जुना फोन होता. पण आता लोक वावराचा फोटो आणि रस्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागले होते. महागाचा फोन परवडणारा नव्हता. म्हणून मी.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले, हे मी नाकारत नाही. निंदणाचे दिवस होते. ओल्या मातीत राहून तानाबाईची बोटं मऊ पडलेली असायची आणि मला ती कळायची. बांधावर बसून तिने टोळीचा फोटो काढला, तेव्हा सगळ्या बाया माझ्यावर वाकल्या. जी ती आपला चेहरा मोठा करून पाहत होती. तानाबाई मला पदराच्या टोकाने पुसायची आणि येईल त्याला सांगायची, “पाह्यला का माहा फोन?” मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

मग सोयाबीनची सोंगणी आली.

सोयाबीन सोंगणं म्हणजे काय ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. वाळलेल्या शेंगा हाताला टोचतात, खोडं बोचतात, दिवसभर विळा आवळून धरावा लागतो. आधी कातडी फाटते, मग ती वाळून जाड होते. बोटाच्या टोकाला ओल म्हणून राहत नाही. असं बोट माझ्यावर टेकलं की माझ्या हलक्या काचेला काही कळतच नाही. त्यावर दुकानात काच फुटू नये म्हणून आणखी एक जाड काच चिकटवलेली. म्हणजे आंधळ्याच्या डोळ्यावर पट्टी.

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि मी वाजू लागलो. पुंजाजींचा फोन होता. त्यांचं मोठं वावर होतं, सोयाबीन पुरतं वाळलेलं, आणि पाऊस यायच्या आत त्यांना ते सोंगून हवं होतं. कितीतरी दिवसांचं, एकरकमी ठरवलेलं उक्तं काम. तानाबाईने लगबगीने मला उचललं आणि हिरवा गोल वर ओढला. गोल जागचा हलला नाही. तिने पुन्हा ओढला. बोट लुगड्याला पुसून ओढला, थुंकी लावून ओढला. मी नुसता कोकलत राहिलो. पुंजाजींनी पुन्हा पुन्हा फोन लावला आणि पुन्हा पुन्हा तेच झालं. घरात दुसरं कोणी नव्हतं. धम्मशीला शिकवणीहून आली आणि तिने पुंजाजींना फोन लावून दिला, तोवर काम दुसऱ्या टोळीला गेलं होतं.

“तानाबाई, तू फोन उचलत नाई, तं मी काय आभाळाले थांब म्हणू का?” पुंजाजी म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

पण ज्याचं चुकलं त्याला कोणीच काही म्हणालं नाही. दोष माझा आणि बोलणी तानाबाईला. टोळीतली विमलबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “मोठा फोन आला अन् बाई बी मोठी झाली. आता फोन उचलाले तिले सवड नाई.” धम्मशीला चिडून म्हणाली, “माय, हलक्या हातानं वर ओढाचं. लहान पोट्ट्याले जमते, तुले काऊन जमत नाई?” जानराव मिशीत हसत म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

मित्रांनो, ही म्हण तुम्हीही वापरत असाल. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. मी तिथेच पडलेला होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, वाकडा मी आहे! पण माझ्या पोटात भरलेल्या नको त्या जाहिराती माझ्या तोंडून बोलतात, खरं मात्र मला बोलता येत नाही.

तानाबाईनेही मला दोष दिला नाही. रेशनच्या दुकानातलं मशीनही उन्हाळ्यापासून तिचा अंगठा घेत नव्हतं. तिला वाटलं, दोन दोन यंत्रं खोटं कशाला बोलतील? म्हणजे आपल्या हातातच काहीतरी बिघडलं असणार. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत बसली आणि पाय घासायच्या वजरीने उजव्या हाताची बोटं घासू लागली. मी न्हाणीच्या भिंतीवर ठेवलेलो होतो. ती घासायची, बोट पुसायची, माझ्यावर टेकवून पाहायची आणि पुन्हा घासायची. घासता घासता रक्त आलं. माझ्या काचेवर त्या रक्ताचा डाग पडला, तोही तिने घाईघाईने पुसला. त्या दिवशी मला माझा जितका संताप आला तितका नंतर कधी आला नाही. ज्या हातांनी काम केलं त्या हातांना एका हलक्या काचेपुढे लाज वाटावी, हा कुठला न्याय?

पुढे काही दिवस टोळीला किरकोळ कामं मिळाली, रोज मिळाली नाहीत. बाया धुसफुसू लागल्या. एका दुपारी वावरात कडुलिंबाखाली सगळ्या भाकरी खायला बसल्या असताना तानाबाई आपणहून म्हणाली, “विमल, आता टोळी तूच सांभाळ. माहे हात गेले.”

इतकी वर्षं जिने टोळी चालवली ती बाई खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडत होती. आणि नेमका तेव्हा मी वाजलो. पुन्हा पुंजाजी. दुसरी टोळी अर्धं वावर सोडून निघून गेली होती, हे मागून कळलं.

तानाबाईने मला हातही लावला नाही. विमलबाईने मला उचललं. “दे इकडं, मी उचलते,” असं म्हणून तिने ठसक्यात गोल वर ओढला. गोल हलला नाही. तिने पुन्हा ओढला, मग अंगठ्याने ओढला. तिच्या शेजारणीने मला हिसकावून घेतलं, तिचंही बोट मला कळलं नाही. मग तिच्या पलीकडची, मग तिच्याही पलीकडची. मी हातोहात फिरलो. टोळीतल्या एकाही बाईला माझ्यावर आलेला फोन उचलता आला नाही, आणि वाजून वाजून मी थांबलो.

विमलबाई स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अवं बाया हो, हे तं आपल्या कोणाच्याच हाताले ओळखत नाई! तानाबाई, तुह्या हाताले काही नाई झालं वं. मी तुले भलतंच बोलली.”

पुंजाजींचा नंबर तानाबाईला तोंडपाठ होता. विमलबाईने आपला बटणांचा फोन काढला, अंगठ्याने कचकच बटणं दाबली आणि तानाबाईच्या कानाला लावला. काम मिळालं. मुकादमकीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. पण बायांच्या डोक्यात राग मावत नव्हता. पुंजाजींचं वावर उरकलं आणि बाजाराच्या दिवशी निम्मी टोळी मला घेऊन मेहकरला दीपकभाऊंच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

दीपकभाऊंनी मला हातात घेतलं आणि बोट फिरवलं. दिवसभर पंख्याखाली बसणारं मऊ बोट ते. मी लगेच ओ दिली. काय करू, मला तसंच घडवलं आहे!

“मावशी, फोन एकदम बरोबर आहे,” ते म्हणाले.

तानाबाईने बोट टेकवलं. विमलबाईने टेकवलं. मी गप्प.

“हात धुऊन या,” दीपकभाऊ म्हणाले. बाया बाहेर जाऊन हात धुऊन आल्या. ओलं बोट लागलं आणि मी हललो. “पाहा, चालला ना?”

“भाऊ,” तानाबाई म्हणाली, “वावरात फोन वाजला तं मी आधी विहिरीवर हात धुवाले पळू का?”

“कंपनी याला बिघाड मानत नाही, मावशी. तुमचे हातच खरबडे झाले, त्याला मी काय करणार? जमत असलं तर याच्या वरचं मॉडेल घ्या.”

आजवर मान खाली घालणाऱ्या तानाबाईने आता दोन्ही हात काउंटरवर पसरले. वजरीच्या जखमांवर खपली धरलेली होती.

“ह्या हातानं सोंगलेलं सोयाबीन चालते, त्याचं तेल चालते. तुमच्या घरी रोज चालत असंल. हातच तेवढे नाई चालत?”

दीपकभाऊंनी मला एक गुलाबी कव्हर फुकट घालून दिलं.

मित्रांनो, स्वस्त फोन बनवूच नयेत असं मी म्हणत नाही. ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत त्यालाही जगाशी बोलता आलं पाहिजे. तानाबाई पुन्हा बटणांचा फोन वापरू लागली आणि मी धम्मशीलाकडे गेलो. तिचा बारावीचा अर्धा अभ्यास माझ्यावर झाला, याचा मला अभिमान आहे. स्वस्त जरूर बनवा, पण खोटं बनवू नका. पाठीवरचे दोन खोटे डोळे काढले असते तर पुढच्या काचेला चार पैसे जास्त मिळाले असते. आणि घेणाऱ्यांनीही डबा पाहून भुलू नये. ज्याच्यासाठी फोन घ्यायचा, त्याच्या कामाच्या दिवसांतला हात आधी काचेवर टेकवून पाहावा.

धम्मशीलाची परीक्षा संपली तेव्हा हरभऱ्याची सोंगणी चालू होती. तीही आईबरोबर टोळीत जाऊ लागली. हरभऱ्याची आंब, म्हणजे झाडावरचा आंबट खार, हाताला लागली की कातडी सोलते, आणि सोललेल्या कातडीला मग कापलेल्या खोडांची धसं झोंबतात. एक दिवस ती वावरातून आली, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला आणि मी वाजू लागलो. तिने गोल वर ओढला. तो हलला नाही. तिने पुन्हा ओढला. मग तिने मला बाजूला ठेवलं आणि आपलं बोट उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मी वाजून थांबलो.

तानाबाई चुलीजवळ पीठ मळत होती. धम्मशीला तिच्याजवळ जाऊन बसली आणि पिठाने भरलेला तिचा हात आपल्या हातात घेतला. “माय,” ती म्हणाली, “लहान पोट्ट्याले जमते असं मी तुले म्हनलं होतं वं.” आणि ती रडायला लागली. तानाबाईने डाव्या हाताने तिचं डोकं जवळ घेतलं.

आता मी कपाटावर आहे. इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मुलांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी नका घेऊ. तुमच्या घरातल्या ज्या माणसाला ‘तुला काहीच जमत नाही’ असं तुम्ही म्हणता, त्याचा हात एकदा हातात घेऊन पाहा. आणि मला ज्यांनी बनवलं त्यांनी सोंगणीच्या दिवसांत एकदा डोणगावला यावं. तानाबाईच्या हातात हात द्यावा, आणि मग तिच्या तोंडावर सांगावं की याला आम्ही बिघाड मानत नाही.