दोन एव्हलिन आणि एक खुर्ची

एव्हलिन क्विंटलनं मतपत्रिका उघडली आणि पुन्हा एकदा वरून खाली वाचली. खालून दुसरं नाव तिचं स्वतःचं होतं.

ती कशाला निवडणुकीला उभी राहतेय! आडनाव क्विंटल असलं तरी काडीसारखी बाई, आणि तिला घरात दोन क्षण उभं राहायची फुरसत नव्हती. कमरेला दोरी बांधलेला तिचा पोरगा पार्किन आत्ताही तिच्या पायांभोवती गरगर फिरत होता आणि दोरीचं दुसरं टोक तिच्या मनगटाला होतं. तिच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे सरकारी कुरण, कुरणाच्या टोकाला कडा आणि खाली समुद्र. कड्यावरचं कुंपण केव्हाच कुजून पडलेलं. पार्किनला पाय फुटल्यापासून गायींच्या शेपट्या धरायचं वेड, आणि गायी तर थेट काठापर्यंत चरायच्या. सरकारी जमिनीत सरकारशिवाय कुणी खुंटा ठोकायचा नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा ठोकले, तर कचेरीच्या माणसांनी ते उपटून त्याच्याच अंगणात आणून टाकले. म्हणून ही दोरी. सगळं नॉरफोक बेट पार्किनला ‘वासरू’ म्हणायला लागलं होतं, आणि या बेटावर टोपणनाव एकदा चिकटलं की माणसाबरोबर थडग्यातच जातं. तिला त्याचीही धास्ती होतीच, पण कडा पहिला.

मतपत्रिकेचा घोळ कचेरीतल्या नव्या कारकुनानं, मिस्टर पेटिफरनं, केला होता. आजवर उमेदवाराच्या नावापुढे कंसात टोपणनाव छापायची रीत होती. पेटिफर सिडनीहून आलेला. तो म्हणाला, कायद्यात टोपणनावाला जागा नाही. झालं! सगळं बेट मतपत्रिका उलटीसुलटी करत बसलं.

“हा सायरस कोण रे? कधी ऐकला नाही.”

“अरे घुबडा, सायरस तूच!”

“मी? हो की. आई फार चिडली की तसं काहीतरी म्हणायची खरी.”

“पण आपला हीही कुठाय?”

हीहीकाकाला सगळेच शोधत होते. हीही म्हणजे इथल्या खडकांवरची बारकी काळी गोगलगाय. सुईनं उचकटल्याशिवाय जागची हलत नाही. काकाही सल्लागार मंडळातल्या खुर्चीला तसाच चिकटला होता. मंडळात निवडून आलेले आठ जण. त्यांनी सल्ला द्यायचा, प्रशासकसाहेबांनी “नोंद घेतली” म्हणायचं, मग सगळ्यांनी चहा प्यायचा. बस्स, एवढाच कारभार. एव्हलिननं कुंपणाचं गाऱ्हाणं काकाकडे कितीदा नेलं, आणि काकानं “साहेबांच्या कानावर घालतो हं, पोरी” म्हणून कितीदा तिला पिल्ही नावाची केळ्याची भाजलेली वडी खाऊ घालून परत पाठवलं, याची मोजदाद नव्हती.

“म्हातारा या खेपेला उभा नाही वाटतं,” घुबड म्हणाला. “मग त्याचं मत द्या वासराच्या आईला. ही काय उभी आहे, आणि बोलली नाही पठ्ठी!”

“अहो, मी नाही उभी! देवाशपथ!”

“विनय बघा पोरीचा!” लोक म्हणाले, आणि आत जाऊन तिच्या नावापुढे फुल्या मारून आले.

हीहीकाका तेवढा बाहेर पाइनच्या झाडाखाली टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. एकदाही हसला नाही.

निकाल लागला. एव्हलिन क्विंटल, सगळ्यांत जास्त मतं. ती पोराला ओढत थेट काकाच्या घरी गेली, रडायच्या बेतात. “काका, तुमची मतं मला पडली हो. कसं झालं, मला खरंच माहीत नाही.”

काका आढ्याकडे बघत राहिला. त्याची बहीण, डॉर्कसआत्या, कच्ची केळी किसत होती. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग किसणीच हातातून पडली.

“सांग ना रे तिला! नाहीतर मी सांगते. आमच्या आईला मुलगी हवी होती, पोरी. नाव आधीच ठरवून ठेवलेलं. मुलगा झाला, तर म्हणाली, नाव कशाला वाया घालवा?”

एव्हलिननं काकाच्या झुपकेदार मिशांकडे पाहिलं. “म्हणजे... तुम्ही?”

“हळू बोल!” काका खेकसला. “त्या पेटिफरच्या नियमानं अर्जावर खरं नाव लिहावं लागलं, म्हणून अर्ज टपालानं पाठवला. बेटाला कळलं तर मरेपर्यंत मला ‘मिस एव्हलिन’ म्हणतील. एवढ्या कष्टानं हीही झालोय मी!”

“मग खुर्चीचं काय?”

“तूच बस.”

“माझं कुंपण मांडून देणार असाल, तर तुम्ही बसा.”

“खुर्चीवर बसायचं तर नाव घ्यावं लागेल. नाव घेणार नाही.”

“मग बसते मी,” एव्हलिन म्हणाली. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण तिच्या मागं पार्किन दोरी ताणून दाराबाहेरच्या गायीकडे ओढ घेत होता.

मंडळाच्या बैठकीला जुनी बराक लोकांनी भरली. साहेब मधोमध, पेटिफर शेजारी. एव्हलिन पार्किनला मांडीवर घेऊन हीहीकाकाच्या खुर्चीत, आणि काका मागं प्रेक्षकांच्या बाकावर.

ती उठली. पाठ केलेलं सगळं विसरली. “कडा आहे,” ती म्हणाली. “माझा मुलगा आहे. मध्ये काही नाही.”

मग घुबड, म्हणजे सन्माननीय सदस्य सायरस, म्हणाला, “कुंपण घातलं तर गायींनी जायचं कुठून? गाड्यासुद्धा थांबतात, रस्त्यावरचा पहिला हक्क त्यांचा आहे.”

“रस्त्यावर आहे. समुद्रावर नाही,” एव्हलिन म्हणाली.

सगळे हसले. आठही हात वर झाले. साहेबांनी चष्मा पुसला आणि प्रेमळपणे म्हणाले, “नोंद घेतली.”

मागच्या बाकावर हीहीकाका चुळबुळला. ‘नोंद घेतली’ म्हणजे गाडलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? इतकी वर्षं खुर्चीला चिकटून एकच विद्या त्यानं कमावली होती: सदस्यानं ‘उत्तर हवं’ असं म्हटलं, की साहेबांना हो की नाही सांगावंच लागतं. साहेबांचा चहा तुटेल म्हणून ती त्यानं स्वतः कधी वापरली नव्हती. तो एव्हलिनला खुणा करू लागला. आधी तोंडाकडे बोट, मग साहेबांकडे. तिला वाटलं, काकाला तहान लागलीय. तिनं पाण्याचा पेला मागं पाठवला.

साहेबांनी कागद मिटला. पार्किन दोरीत पाय गुंतवून तिच्या मांडीवर पेंगत होता. कमरेला दोरीचा लाल वळ पडला होता.

काका उठला. “उत्तर हवं!”

“फक्त सदस्यांनी बोलावं,” पेटिफर म्हणाला. “आपण कोण?”

काकानं मिशांवरून हात फिरवला.

“मी एव्हलिन क्विंटल.”

लोक हसले ते असे, की बाहेरच्या गायी उठून उभ्या राहिल्या. घुबड तर बाकाखालीच गेला. “मिस एव्हलिन, बसा हो!” कुणीतरी ओरडलं. काका लालबुंद झाला, पण खाली बसला नाही. पेटिफरनं काकाची सही घेतली, अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. एव्हलिन इतक्या घाईनं खुर्चीवरून उठली, की पोरगं जागं झालं.

“उत्तर हवं,” काका खुर्चीत बसून म्हणाला, “आणि ‘नोंद घेतली’ हे उत्तर नाही.”

साहेबांना हो म्हणावं लागलं. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

कुंपण झालं, पाइनच्या जाड खांबांचं. एव्हलिननं स्वतः एकेक खांब हलवून पाहिला, मग पार्किनची दोरी सोडली. तरी बरेच दिवस ती ओट्यावर बसून त्याच्यावर नजर ठेवायची.

पुढच्या निवडणुकीला ती खरोखरच उभी राहिली. पेटिफर एव्हाना शहाणा झाला होता. त्यानं एका एव्हलिन क्विंटलपुढे कंसात ‘हीही’ लिहिलं आणि दुसरीला विचारायला आला. “तुमच्यापुढे काय लिहू? लोक ‘वासराची आई’ म्हणतात.”

“म्हणजे गाय,” हीहीकाका बाजूनं म्हणाला.

एव्हलिननं क्षणभर विचार केला. “लिहा गाय,” ती म्हणाली. “या बेटावर सगळ्यांनी तिलाच तर वाट द्यायची असते.”