फूटस्टुलाने पाहिलेली तीन कॉलेजे

मी एक जुने फूटस्टूल आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. क्लासिकल गिटार वाजवणारे बसल्यावर डावा पाय ज्या ठेंगण्या, घडीच्या पाटावर ठेवतात, तेच मी. टाळ्या गिटारला मिळतात, माझ्या वाट्याला चप्पल येते.

कारखान्यात मला उंची कमीजास्त करायला चार खाचा पाडल्या. मी या घरी आले तेव्हा इथल्या मुलीचे पाय खुर्चीवरून लोंबकळत. सगळे तिला बुटकी म्हणत. तिच्या पहिल्या सरांनी मला सर्वांत वरच्या खाचेत बसवले, आणि सरांनी लावलेली खाच म्हणजे ब्रह्मवाक्य! पुढे बुटकी वडिलांपेक्षा उंच झाली. तिचे नाव बदलले नाही, माझी खाचही नाही.

शाळा संपल्यावर तिने गिटारचीच पदवी घ्यायचे ठरवले. पण तिची पाठ फार दुखायची. आईने बजावले, "पाठ अशीच राहिली तर गिटार बंद. मग मुकाट्यानं हिशेबनिसाची पदवी घ्यायची." बुटकीचे तोंड एवढेसे झाले. मलाही वाईट वाटले, कारण कॉलेजात जायची मलाही भारी हौस होती.

कॉलेज पसंत करण्याआधी तीन कॉलेजांत एकेक तास शिकून पाहायचे होते. पहिल्या कॉलेजची लिफ्ट पाहून वडील हरखले. तिथल्या सरांच्या चकचकीत बुटांची टोके मात्र सबंध तास दाराकडे होती. ते स्वतःच्या मैफलींबद्दलच बोलले. दुसऱ्या कॉलेजचे वसतिगृह आईला पसंत पडले. तिथले सर मोजे घातलेल्या पायाने ठेका धरत होते. ठेका मंदावला, थांबला आणि मग घोरणे ऐकू आले.

तिसऱ्या कॉलेजचे जिने चढून वडिलांना धाप लागली. तिथल्या बाईंनी थोडे ऐकले आणि सरळ माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"ही उंची कुणी लावली?"

"पहिल्या सरांनी. मी दुसरीत होते तेव्हा."

"दुसरीतल्या मुलीला ती बरोबरच होती. तेव्हाचा फ्रॉक घालतेस का अजून?"

बाईंनी मला मिटून भिंतीला टेकवले, बुटकीच्या मांडीवर एक उशी दिली, तीवर गिटार ठेवली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला लावले. बुटकी वाजवू लागली. तुकडा संपला तरी तिचा हात पाठीकडे गेला नाही.

"इथे लिफ्ट नाही हं," वडील म्हणाले.

"चढेल ती," आई म्हणाली. मग बाईंकडे वळून तिने विचारले, "वसतिगृहात गरम पाणी येतं ना?"

आईने असे विचारले की समजावे, ठरले.

मित्रांनो, ज्या बाई मला मनापासून आवडल्या, त्यांनीच मला घरी बसवले. आता मी दाराशी असते. वडील माझ्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधतात. कॉलेज निवडताना लिफ्ट जरूर पाहा, पण शिकवणाऱ्यांसमोर एकदा वाजवून पाहा, आणि तेव्हा ते कुठे बघतात तेही बघा. घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. मी कुरकुरते, ते उगाच नाही.

सुट्टीत बुटकी येते आणि जेवायला हाका मारल्या तरी वाजवतच राहते. आई आता हिशेबनिसाचे नाव काढत नाही. माझ्यावर बुटकीचा पाय नसतो याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण ती इतके छान वाजवते की मी कुरकुरायचे विसरते.